अण्णा, चिलटं आणि बारा सेकंद

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मधे दोन-तीन नातेवाईकांनी विचारलं, "काय रे, लिहिणं सोडलंस की काय?" सोडलं नव्हतं. पण श्रावणात अण्णा पडले आणि घराचं सगळं वेळापत्रकच बदललं, त्यात हे राहून गेलं. आज लिहितोय तेही अण्णांबद्दलच. आणि चिलटांबद्दल. हो, तीच चिलटं, जी पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालतात.

आधी अण्णांचं सांगतो. अण्णा म्हणजे माझे वडील, वय ७९. पिंपरीच्या एका कंपनीत ३४ वर्षं फिटर होते. आम्ही चिखलीत राहायला आलो तेव्हा घराच्या तिन्ही बाजूंना शेतं होती. आता तिन्ही बाजूंना इमारती आहेत. गावाचं जुनं नाव टाळगाव चिखली. तुकोबांचा टाळ इथे पडला म्हणून टाळगाव, असं जुनी माणसं सांगतात. त्यामुळे की काय, पण अण्णांचं आणि देहूचं नातं घट्ट. दर वर्षी तुकाराम बीजेला पहाटे उठायचं, आणि चिखलीहून तळवड्यावरून देहूपर्यंत चालत जायचं. बस नाही, रिक्षा नाही. मी लहान असताना त्यांच्या मागे पळत जायचो आणि निम्म्या वाटेत रडायला लागायचो. मग ते मला खांद्यावर घ्यायचे आणि तसेच पुढे चालायचे.

तर हे अण्णा श्रावणात न्हाणीघरात घसरले. सुदैवानं हाड मोडलं नाही, पण मुका मार जबरदस्त. डॉक्टर म्हणाले, "वय झालंय आता. आराम करू द्या." आणि आम्ही तो सल्ला अगदी मनावर घेतला. दोन आठवडे तर पलंगावरच. त्यानंतर दुखणं थांबलं, पण आमचा आराम काही थांबेना. पाणी हवंय? "बसा अण्णा, मी आणतो." पेपर हवाय? "बसा, उठू नका." जमिनीवर बसून जेवायची त्यांची सवय, ती मोडून टेबल-खुर्ची आणली. वरच्या मजल्यावरची त्यांची खोली खाली आणली, जिना नको म्हणून. दाराशी मोटरसायकल तयार, देवळात जायचं तरी मी सोडणार. बघणारे म्हणायचे, मुलगा असावा तर असा. मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

दिवाळीपर्यंत अण्णांना खुर्चीतून हात टेकल्याशिवाय उठता येईना. पाय काटक्या झाले होते. ते स्वतः एकदाच बोलले. "घरात फर्निचर वाढलंय रे. त्यातलं एक मी."

असो.

दिवाळीत भाऊबीजेला बहीण आली, सोबत भाची. भाची पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते (कुठल्या ते लिहू नको म्हणाली, म्हणून लिहीत नाही :-)). टेबलावर केळ्याची फणी जरा जास्तच पिकली होती आणि वर चिलटांचा थवा. मी फडकं उचललं तर ही ओरडली, "मामा, थांब! माझं पोटपाणी आहे ते!"

तेव्हा कळलं की पोरगी दिवसभर चिलटं सांभाळते. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला. (आंबा-पेरूत अळ्या करणारी शेतकऱ्याची वैरीण फळमाशी ती वेगळी, ही वेगळी, हे तिनं मला दोनदा बजावलं.) बाटल्यांमध्ये मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार शिजवून त्यांचा खाऊ बनवतात. आणि तिचं काम काय, तर म्हाताऱ्या माशांची ताकद मोजणं!

अण्णा कोपऱ्यातून म्हणाले, "माशांचं म्हातारपण बघायला पगार देतात?"

"हो आजोबा. थोडाच देतात, पण देतात."

"आणि ताकद मोजता कशी? माशीला दंड काढायला लावता?"

मग तिनं सांगितलं. काचेच्या नळीत माशा घ्यायच्या. नळी हलकेच आपटली की सगळ्या तळाशी पडतात. पडलेली माशी वर चढते, तो तिचा स्वभावच आहे. नळीवर एक खूण केलेली असते. ठरलेल्या सेकंदांत किती माशा त्या खुणेच्या वर पोचल्या, ते मोजायचं. तरुण माशा भराभर वर. महिना-दीड महिना उलटला की निम्म्या वाटेतच रेंगाळतात. आणि अगदी म्हाताऱ्या माशा चढायचा प्रयत्न करतात, थोडं वर जातात, घसरतात, पुन्हा प्रयत्न करतात...

अण्णा काहीच बोलले नाहीत. त्यांच्या खुर्चीकडे बघायचं धाडस मलाही झालं नाही.

पण माझ्या डोक्यात किडा शिरला तो तेव्हापासून. (किड्याची गोष्टही येतेच आहे.) मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत काम करतो. मोजमाप हा माझा धंदा. त्यामुळे ताकद मोजता येते, म्हातारपण मोजता येतं, हे ऐकल्यावर स्वस्थ बसवेना. भाचीला रोज रात्री फोन करून छळलं, तिनं पाठवलेलं वाचलं, आणि जे कळलं ते इथे माझ्या भाषेत लिहितोय. चुकलं तर ती खाली लिहीलच.

पहिला प्रश्न सगळ्यांनाच पडेल तो. माणसाचे स्नायू समजून घ्यायला माशी कशाला? उत्तर सोपं आहे. माणूस म्हातारा व्हायला साठ-सत्तर वर्षं लागतात, तोपर्यंत संशोधकच निवृत्त होतो. माशी दोन-तीन महिन्यांत जन्म, तारुण्य, म्हातारपण सगळं उरकते. तिला स्नायू आहेत, आणि साधेसुधे नाहीत. पंख सेकंदाला सुमारे २०० वेळा हलवणारे स्नायू आहेत. माणसाच्या आजारांशी संबंध असलेल्या जनुकांपैकी जवळजवळ पाऊण हिश्श्याची भावंडं माशीत सापडतात. शिवाय एखादं जनुक फक्त स्नायूत बंद करून बघायचं, तर तेही माशीत तुलनेनं सहज करता येतं.

माशीहूनही साधा प्राणी म्हणजे एक कृमी, सी. एलिगन्स. आपल्या शेतकऱ्यांना सूत्रकृमी माहीत असतात, मुळांना गाठी आणणारे. हा त्याच कुळातला, पण निरुपद्रवी. लांबी एक मिलिमीटर, अंग पारदर्शक, खाणं जिवाणू, आयुष्य सुमारे तीन आठवडे. प्रौढ कृमीच्या शरीरात (जननपेशी सोडून) मोजून ९५९ पेशी, त्यातल्या ९५ अंग हलवणाऱ्या स्नायूंच्या. सिडनी ब्रेनर नावाच्या शास्त्रज्ञानं हा प्राणी अभ्यासासाठी निवडला, १९७४ मध्ये त्यावरचा मोठा लेख लिहिला, आणि २००२ मध्ये त्यांना दोन सहकाऱ्यांसोबत नोबेल मिळालं. आमच्याकडे एका गिअरबॉक्सची पार्ट लिस्ट याहून लांब नसेल, पण बिनचूक असेलच असं नाही. या किड्याची बिनचूक आहे!

त्याच २००२ साली, ऑक्टोबरमध्ये, 'नेचर'मध्ये या कृमींच्या म्हातारपणावर एक लेख आला. अमेरिकेत न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात मोनिका ड्रिस्कॉल यांच्या प्रयोगशाळेतलं काम. त्यांनी कृमी म्हातारे होताना बघितले आणि चालण्यावरून तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गातले आपणहून छान नागमोडी सरपटतात. दुसऱ्या वर्गातले डिवचल्यावर हलतात, पण वेडेवाकडे. तिसऱ्या वर्गातले जागचे हलतच नाहीत, फक्त डोकं किंवा शेपटी हलवून 'आहे अजून' एवढं सांगतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर मज्जापेशी बऱ्याच शाबूत दिसल्या. स्नायू मात्र विस्कटलेले. आकुंचन पावणारे तंतू विरळ झालेले, ओळ सोडून गेलेले. आपल्या म्हातारपणी होतं तसंच.

पण मला त्या लेखातली सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. हे सगळे कृमी एकाच जनुकांचे, एकाच बशीत वाढलेले, एकच खाणं खाल्लेले, एकाच दिवशी जन्मलेले. तरी त्यातले काही लवकर तिसऱ्या वर्गात गेले आणि काही तेवढ्याच वयाचे असून पहिल्या वर्गात मजेत सरपटत होते! आणि कोणाचं आयुष्य किती उरलंय, हे त्याच्या वयापेक्षा त्याच्या चालण्यावरून जास्त चांगलं सांगता येत होतं.

क्वालिटीवाल्या माणसाला हे लगेच पटतं. शंभर शाफ्ट घ्या. ड्रॉइंग एक, मटेरियल एक, मशीन एक, ऑपरेटर एक. तरी मायक्रॉनमध्ये मोजलं की शंभराचे शंभर वेगळे. मग माणसांचं काय सांगावं? आमच्या गल्लीत अण्णांच्याच वयाचे एक काका आहेत, त्याच कंपनीत होते, ते रोज सकाळी ताठ चालत भाजी आणतात. त्यांना बघून मी मनात म्हणायचो, अण्णांचंच असं का? त्याचं पूर्ण उत्तर कोणाकडेच नाही. थोडा भाग निव्वळ योगायोगाचा असतो, किड्यांतही आणि माणसांतही. पण "वय झालं" हे उत्तर मात्र नक्की नाही. वय तर त्या काकांचंही झालंय.

(इथे भाचीनं मला टोकलं, "मामा, गोष्ट तिथेच थांबत नाही." २०१३ मध्ये मिशिगनच्या एका गटानं दाखवलं, की कृमीच्या मज्जापेशी दिसायला शाबूत असल्या तरी स्नायूंना हुकूम देण्याचं त्यांचं काम स्नायूंच्याही आधी मंदावायला लागतं. म्हणजे तार तुटलेली दिसत नाही, पण करंट कमी येतो. शास्त्राचं हे मला आवडतं. आधीच्याला खोटं न पाडता पुढचा माणूस आणखी एक गेज लावून बघतो.)

आता जरा आपल्याकडचं. माशी आणि स्नायू म्हटलं की भारतात एका नावाशिवाय गोष्ट पुरी होत नाही. के. विजयराघवन. करोनाच्या दिवसांत सरकारचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार म्हणून त्यांचं नाव आपण ऐकलंय (२०१८ ते २०२२ ते त्या पदावर होते). त्यांची पीएचडी मुंबईची, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली. तिथे १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकींनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला होता, आणि पुढे माशांचं काम तिथे रुजलं. त्यातूनच बंगळुरूची एनसीबीएस ही संस्था उभी राहिली. आणि २०१७ मध्ये तिथून एक लेख निघाला. लेखकांत धनंजय चतुर्वेदी, हाइनरिश रायशर्ट, राजेश गुणगे आणि विजयराघवन.

त्यात काय होतं? आपल्या स्नायूंना चिकटून काही राखीव पेशी झोपलेल्या असतात. स्नायूला इजा झाली की त्या जाग्या होतात, वाढतात आणि दुरुस्ती करतात. त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. म्हातारपणी या पेशी सुस्तावतात, हे स्नायू रोडावण्याचं एक कारण. कृमीत अशा पेशीच नाहीत, त्यामुळे दुरुस्तीचा अभ्यास त्याच्यावर करता येत नाही. प्रौढ माशीतही त्या नसतात असं बरीच वर्षं समजलं जायचं. या मंडळींनी माशीच्या उडण्याच्या स्नायूला बारीक इजा करून दाखवलं, की माशीतही तशा राखीव पेशी आहेत आणि इजा झाल्यावर त्या वाढतात. म्हणजे एवढ्याशा चिलटाकडेही मेंटेनन्स डिपार्टमेंट आहे!

पुण्यातही असलं काम होतं, हे मला माहीतच नव्हतं. पाषाणला आयसर आहे, २००६ मध्ये सुरू झालेली, तिथे माशांच्या प्रयोगशाळा आहेत. आगरकर संशोधन संस्थेत अनुराधा रत्नपारखी मज्जातंतू आणि स्नायू जिथे जोडले जातात त्या सांध्याचा माशीत अभ्यास करतात. त्याच संस्थेत सुरेंद्र घासकडबींनी वर्षानुवर्षं हायड्रावर काम केलं. हायड्रा म्हणजे तळ्यातला तो सूतभर प्राणी, शाळेच्या जीवशास्त्रात चित्र काढायला असायचा. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधकानं चार वर्षं हायड्रे सांभाळून दाखवलं की ते म्हातारे होत असल्याचं काही लक्षणच दिसत नाही. पुण्याजवळच्या हायड्राच्या एका वाणाला शास्त्रीय लेखांत 'इंड-पुणे' असं नाव आहे. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "पुण्याचं असणारच. पुणेकर म्हातारपण मान्य कशाला करेल?" :-)

आता मुख्य मुद्द्यावर येतो. ज्यासाठी हे सगळं लिहितोय.

इतकी वर्षं माझ्या डोक्यात शरीराचं चित्र होतं ते बेअरिंगचं. बेअरिंग चाललं की झिजतं. ठरलेले तास झाले की प्ले येतो, मग आवाज, मग बदली. म्हणून जुनं बेअरिंग असेल तर जपून चालवायचं, गरज नसेल तर मशीन बंद ठेवायचं. अण्णांच्या बाबतीत मी नेमकं हेच केलं. म्हटलं, उरलेले तास जपून वापरू.

आणि इथे ही चिलटं काय सांगतात? २००९ मध्ये मिशिगनमध्ये एका गटानं माशांना व्यायाम करवणारं यंत्र बनवलं. यंत्र काय करतं, तर नळ्यांचा रॅक उचलतं आणि सोडतं. आपटलं की माशा तळाशी, मग त्या चढतात, पुन्हा आपटतं, पुन्हा चढतात. असा व्यायाम तरुणपणी झालेल्या माशांची चाल म्हातारपणी कमी ढासळली, हृदयही जास्त चांगलं राहिलं. कृमींना पाण्यात सोडून पोहायला लावलं, तर त्यांचंही तसंच. ड्रिस्कॉल यांच्याच प्रयोगशाळेनं २०१९ मध्ये दाखवलं, की तरुणपणी नियमित पोहलेल्या कृमींचे स्नायू पुढे जास्त काळ चांगले राहतात. आणि २०१० मध्ये हार्वर्डमधून आणखी एक गोष्ट पुढे आली. माशीच्या फक्त स्नायूंमधली साफसफाई (खराब प्रथिनांची गुठळी होऊ न देणं) सुधारली, तर बाकीच्या अवयवांतही असा कचरा कमी साठतो आणि आयुष्यही वाढतं. म्हणजे स्नायू हे नुसतं हातापायाचं सामान नाही. तो बाकीच्या शरीराशी बोलतो.

म्हणजे माझं बेअरिंगचं चित्रच चुकीचं होतं. चालल्यानं झिजणारा भाग वेगळा, आणि चालणं थांबलं की मोडीत निघणारा वेगळा. स्नायू हा दुसऱ्या प्रकारचा.

"पण मामा," भाची म्हणाली, "माशीचं माणसाला जसंच्या तसं लावायचं नाही हं. माणसांवरचं बघ." तेही बघितलं, आणि ते वाचून मात्र दोन रात्री झोप लागली नाही.

म्हातारपणी स्नायू रोडावण्याला 'सार्कोपेनिया' म्हणतात. ग्रीक शब्द, अर्थ साधारण 'मांसाची तूट'. गंमत म्हणजे माणूस म्हातारा होतोय अनादि काळापासून, पण या तुटीला हे नाव मिळालं १९८० च्या दशकाच्या अखेरीस. अर्विन रोझेनबर्ग यांनी ते सुचवलं. नाव नव्हतं म्हणून तो आजारही नव्हता, नुसतं "वय झालं" होतं.

२००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. साधारण ६७ वर्षांच्या धडधाकट माणसांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवलं. दहा दिवसांत पायांचं सुमारे एक किलो मांस गेलं. दहा दिवसांत! धडधाकट माणसांचं! आमच्या अण्णांना आम्ही दोन आठवडे पलंगावर आणि नंतर अडीच महिने खुर्चीत ठेवलं होतं. प्रेमानं.

दुसरा अभ्यास १९९० चा, बॉस्टनचा. वृद्धाश्रमात राहणारी, ८६ ते ९६ वर्षांची दहा अशक्त माणसं. त्यांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजन लावून व्यायाम करवला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! हे वाचल्यावर मी उठून अण्णांच्या खोलीत गेलो. ते झोपले होते. परत आलो.

दुसऱ्या दिवशी मोजमाप. आशियाई लोकांसाठी तज्ज्ञांच्या गटानं २०१९ मध्ये काही आकडे ठरवलेत. पुरुषाची हाताची पकड २८ किलोच्या खाली (बाईची १८ च्या खाली) असली तर ताकद कमी. पोटरीचा घेर पुरुषाचा ३४ सेंटिमीटरपेक्षा कमी, बाईचा ३३ पेक्षा कमी, तर पुढे तपासा. आणि सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठून बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तरीही पुढे तपासा.

पोटरीला मी स्वतः टेप लावला. एकतीस. खुर्चीच्या चाचणीला अण्णा हात न टेकता एकदाही उठू शकले नाहीत. हात टेकून पाच वेळा, सव्वीस सेकंद. मोबाईलवरचा आकडा मी लपवायला गेलो, तर म्हणाले, "दाखव. आयुष्यभर जॉब इन्स्पेक्शनला दिलेत मी. रिजेक्ट तर रिजेक्ट, कारण सांग."

कारण सांगितलं. "अण्णा, कारण मी आहे. मी तुम्हाला बसवून ठेवलं."

थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मीही बसलोच की. बरं वाटत होतं, पोरगा पाणी आणून देतोय."

मग दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी हृदय, साखर, डी जीवनसत्त्व सगळं तपासून फिजिओथेरपीच्या बाईंकडे पाठवलं. (हे आधी करायचं. वाचून कोणी परस्पर आपल्या आई-वडिलांना उठाबशा काढायला लावू नका, कृपया.) व्यायाम काय, तर अगदी साधे. उंच खुर्चीतून उठणं-बसणं, मग हळूहळू खुर्चीची उंची कमी. ओट्याला धरून टाचा उचलणं. रबरी पट्टा ओढणं. जेवणात डाळ, उसळ, दूध, अंडी वाढवली. अंड्याला अण्णांनी दोन दिवस नकार दिला, तिसऱ्या दिवशी आईला न सांगता खाल्लं.

दरम्यान नातेवाईकांच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, "डाळिंब खा, स्नायू तरुण होतात." आमचे सोलापूरचे पाहुणे लगेच पेटी घेऊन हजर! यात तथ्य किती? स्वित्झर्लंडमधल्या एका गटानं २०१६ मध्ये दाखवलं होतं, की युरोलिथिन-ए नावाच्या पदार्थानं सी. एलिगन्सचं आयुष्य ४५ टक्क्यांनी वाढलं आणि म्हातारे उंदीर जास्त पळायला लागले. पण हा पदार्थ डाळिंबात नसतो. डाळिंबातल्या घटकांपासून तो आपल्या आतड्यातले जिवाणू बनवतात, आणि तसे जिवाणू सगळ्यांच्या आतड्यात नसतात. माणसांवरच्या चाचण्यांत काही मापांत थोडी सुधारणा दिसली, काहींत नाही. थोडक्यात, कृमीवर चाललं म्हणजे मामांवर चालेलच असं नाही. डाळिंब गोड आहे म्हणून खा. सार्कोपेनियावर मान्यता मिळालेलं खास औषध अजून तरी नाही. आहे तो व्यायाम.

सगळ्यात कठीण व्यायाम मात्र माझा होता. तो म्हणजे न उठण्याचा. अण्णा पाण्यासाठी उठायला लागले की माझे पाय आपोआप उचलायचे. सौ. डोळे वटारायची, मी पुन्हा बसायचो. ते हळू उठायचे, भिंतीला हात लावत माठापर्यंत जायचे, आणि मी पेपरात डोकं घालून बसायचो. पेपरातलं एक अक्षर दिसायचं नाही. एकदा आत्या आली होती, तिच्या देखत हे झालं. ती काही बोलली नाही, पण तिची नजर मी विसरलेलो नाही. आत्या, हे वाचत असशील तर त्या दिवशीचं कारण हे होतं.

संक्रांतीला भाची पुन्हा आली. तिळगूळ देऊन झाल्यावर अण्णांनी विचारलं, "पोरी, त्या तुझ्या दिवाळीतल्या माशा कशा आहेत? चढतात का?"

ती जरा चाचरली. "त्या गेल्या आजोबा. अडीच महिने झाले ना. आता त्यांच्या पुढच्या पिढ्या आहेत."

"अरे हो," अण्णा म्हणाले. "त्यांचं सगळं म्हातारपण झालं तेवढ्यात." मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, "लाव तुझं घड्याळ."

हात न टेकता, पाच वेळा. एकोणीस सेकंद.

आता चैत्र लागलाय. परवाचा आकडा सतरा आहे. बारा अजून दूर आहे, कदाचित येणारही नाही. पोटरीचा टेप फार हललेला नाही. बाई म्हणतात, ताकद आधी येते, मांस नंतर, धीर धरा. जमिनीवर बसून जेवणं अजून जमत नाही. पण अण्णांनी त्यांची खोली परत वर नेली. मी नको म्हणत होतो, ऐकलं नाही. दिवसातून दोनदा जिना होतो, कठड्याला धरून.

यंदा बीजेला तळवड्यावरून चालत जाणं शक्यच नव्हतं. रिक्षानं गेलो, आणि गर्दीमुळे जिथे रिक्षा थांबली तिथून पुढे चाललो. अर्धा किलोमीटर असेल फार तर. तीनदा थांबले. एका ठिकाणी चढ होता, मी न कळत हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही, आणि बाजूलाही सारला नाही. काठी टेकून तसेच चढले. मी हात तसाच पुढे ठेवून शेजारून चालत राहिलो.

तुमच्याकडेही कोणी सत्तरी-पंच्याहत्तरीचं असेल, तर डॉक्टरांना विचारून एकदा ती खुर्चीची चाचणी करून बघा. आणि पुढच्या वेळी "बसा, मी आणतो" म्हणायच्या आधी जरा थांबा. मलाही अजून रोज थांबावं लागतं.

केळ्यांवर आजही चिलटं आहेत. फडकं कोणी उचलत नाही. :-)